परसातले खुराडे

पाखरू घरटे बांधते ते स्वतःच्या अंगाच्या मापाने. वाळवी वारूळ उभारते तीही स्वतःच्याच सोयीने. मनुष्य मात्र दुसऱ्या जिवांसाठीही घरे बांधतो. गाईसाठी गोठा, घोड्यासाठी तबेला, कबुतरांसाठी ढाबळ आणि कोंबड्यांसाठी खुराडे. ह्या सर्वांत खुराड्याची योग्यता सर्वांत कमी समजली जाते. एखाद्याचे घर लहान, अंधारे, कोंदट असले म्हणजे लोक त्याला ‘खुराडे’ म्हणून हिणवतात. कोंबड्यांना बोलता आले असते, तर त्यांनी विचारले असते, “आम्हांला असे घर कोणी बांधून दिले?”

रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहानशा गावी, माडापोफळींच्या सावलीत एक कौलारू घर आहे. घरामागे परसू, परसात विहीर, विहिरीपलीकडे फणसाचे जुने झाड. त्या घरी पूर्वी दोन कोंबड्या होत्या. दिवसभर त्या परसात चरत. दिवेलागणीला आजी त्यांना पडवीत आणून बांबूच्या डालग्याखाली झाकी व डालग्यावर एक धोंडा ठेवी. एका रात्री धोंडा गडगडल्याचा आवाज झाला. कंदील घेऊन सारे बाहेर आले, तेव्हा डालगे कलंडलेले होते आणि अंगणात पिसे विखुरली होती. रानमांजराने आपले काम केले होते.

घरातील बारा वर्षांची मुलगी त्या पिसांकडे पाहून फार रडली. आई तिला काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून घरात कोंबडी आणायची नाही असे तिने ठरवून टाकले. “ज्याला राखता येत नाही, त्याने जीव पाळू नये,” एवढेच ती म्हणे.

वर्ष लोटले. उन्हाळ्याची सुट्टी लागली. मुलीने एके दिवशी धीर करून आईला विचारले, “रानमांजराला शिरता येणार नाही असे खुराडे मी बांधले, तर कोंबड्या आणू देशील?” आई क्षणभर थांबली. मग म्हणाली, “पहिल्या पावसाआधी ते उभे राहिले पाहिजे. आणि ज्याने ते बांधायचे, त्यानेच रोज सांजवेळी त्याचे दार लावायचे. एक दिवसही चुकता कामा नये.” मुलीने मान डोलावली. दार लावणे हे खुराडे बांधण्याहून कठीण काम आहे, हे तेव्हा तिला ठाऊक नव्हते.

आजोबांचा हात सुतारकामात चांगला बसलेला होता. मुलीला वाटले, ते लगेच करवत आणि हातोडी काढतील. परंतु आजोबा म्हणाले, “ज्याच्यासाठी घर बांधायचे, त्याला आधी विचारून यावे.”

“कोंबडीला कसे विचारायचे, आजोबा?”

“चार दिवस तिच्याजवळ बस. ती बोलत नाही, पण लपवीतही काही नाही.”

मुलगी आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ चार दिवस शेजारच्या काकूंच्या परसात जाऊन बसली. तेथील कोंबड्या त्यांनी पहाटेपासून तिन्हीसांजेपर्यंत पाहिल्या. एका वहीत टिपणे केली. कोंबडीला आंघोळ लागते, पण पाण्याची नव्हे, तर धुळीची. कोरड्या मातीत ती खळगा करते, पंखांनी धूळ उडवते आणि अंगावरच्या पिसवा-उवा झाडून टाकते. अंडे घालायचे असले म्हणजे ती अंधाऱ्या, आडोशाच्या जागी जाते. ऊन कलले की ती उंच जागा शोधू लागते. आणि तिला दात नसल्यामुळे ती दाण्यांबरोबर बारीक खडेही गिळते. तिच्या पोटातील पेषणीत ते खडे जात्याचे काम करतात.

कोंबड्यांकडे असे लक्ष देऊन पाहणारा एक मुलगा नॉर्वे देशात होऊन गेला. त्याचे नाव थोरलाइफ शेल्डरुप-एबे. लहानपणी तो कोंबड्यांची टिपणे ठेवी. कोणती कोंबडी कोणाला टोचते आणि कोण मुकाट्याने बाजूस सरते, हे तो पाही. प्रत्येक कळपात पहिली, दुसरी, तिसरी असा टोचण्याचा क्रम ठरलेला असतो आणि सर्व कोंबड्या तो पाळतात, हे त्याने ओळखले. पुढे 1921 साली ह्याच विषयावर त्याने विद्यापीठाला प्रबंध सादर केला. आज प्राणिशास्त्रात ती गोष्ट सर्वमान्य आहे. तिचा उगम मात्र एका मुलाच्या वहीत आहे.

चार दिवसांनी वही पाहून आजोबा प्रसन्न झाले. कोंबडी उंच जागा का शोधते, हे त्यांनी समजावून सांगितले. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंतच्या जंगलांत तो आजही आढळतो. सह्याद्रीच्या रानात आरवतो तो त्याचा भाऊबंद, राखी रानकोंबडा. अनेक पाळीव कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग ह्या राखी रानकोंबड्याकडून आला आहे, असे 2008 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. रानकोंबडे रात्री झाडाच्या फांदीवर झोपतात, कारण जमिनीवर शत्रू फिरत असतात. माणसाच्या दारी येऊन हजारो वर्षे झाली, तरी कोंबडीच्या अंगातील ते रान गेलेले नाही. ती बसली म्हणजे पाय दुमडतो, पायातील शिरा ताणल्या जातात आणि बोटे आपोआप फांदीला आवळून बसतात. म्हणून गाढ झोपेतही ती खाली पडत नाही.

“म्हणजे डालग्याखाली बसणे तिला आवडत नसेल,” मुलगी हळूच म्हणाली.

“नसेलच,” आजोबा म्हणाले. “पण आपण तिला कधी विचारले होते?”

मग काम सुरू झाले. परसातील उंचवट्याची जागा निवडली, म्हणजे पावसाचे पाणी तुंबणार नाही. जांभ्याचे चिरे लावून फूटभर उंचीचे जोते बांधले आणि त्याची तळजमीनही चिऱ्यांनी फरसून घेतली, म्हणजे खालून कोणी उकरणार नाही. चार कोंबड्यांसाठी चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार फूट उंच असे खुराडे ठरले. म्हणजे प्रत्येकीस तीन चौरस फूट जागा. लांबीच्या भिंती उत्तर-दक्षिणेस ठेवल्या, त्यामुळे उन्हाचा तडाखा कमी बसतो. कोकणात पावसाची झड पश्चिमेकडून येते, म्हणून ती बाजू चिऱ्यांनी पूर्ण बंद केली. दार पूर्वेस ठेवले. छपरावर जुनी मंगलोरी कौले चढवली आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून ती हातभर पुढे काढली.

भिंतींच्या वरच्या अंगास आजोबांनी वीतभर मोकळी पट्टी ठेवली. मुलाला ते नवल वाटले. “आजोबा, थंडी नाही का लागायची त्यांना?” आजोबा म्हणाले, “कोंबडीच्या अंगावर पिसांची रजई आहे. थंडीपेक्षा तिला कोंदटपणाचे भय अधिक. विष्ठेतून उग्र वायू निघतो, तो आत साठला की तिचे डोळे चुरचुरतात आणि श्वास बिघडतो. वारा तिच्या डोक्यावरून वाहावा, अंगावरून वाहू नये.”

आत आंब्याच्या फांदीची दांडी बसवली. ती जमिनीपासून अडीच फूट उंच, पावलाला पकड घेता येईल अशा जाडीची, आणि कडा रंधून गोल केलेली. अंडी घालण्यासाठी फूटभर लांबी-रुंदीच्या दोन जुन्या पेट्या पेंढा घालून कोपऱ्यात ठेवल्या, पण दांडीहून पुष्कळ खाली. पेट्या उंच ठेवल्या असत्या, तर कोंबड्या रात्री त्यांतच झोपल्या असत्या आणि अंडी घाण झाली असती. खाली तीन बोटे भाताचे तूस पसरले. खुराडे तयार झाले.

“झाले!” मुलगा टाळी वाजवून म्हणाला.

“अर्धे झाले,” आजोबा म्हणाले. “आतापर्यंत आपण कोंबडी होऊन विचार केला. आता रानमांजर होऊन विचार करू.”

हा खेळ मुलाला फारच आवडला. तो खुराड्याभोवती चार पायांवर रांगू लागला. जेथे त्याची मूठ शिरे, तेथे तो गुरगुरे. मग तेथे खडूने खूण केली जाई. कौलांच्या खाली, दाराच्या बिजागरीपाशी आणि वाऱ्याच्या पट्टीत अशा सात जागा त्याने शोधून काढल्या. आजोबा म्हणाले, “मुंगसाला तुझ्या मुठीहून लहान भोक पुरते आणि सापाला त्याहूनही लहान.” बाजारात मिळणारी षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, परंतु शत्रूला बाहेर ठेवीत नाही. बळकट जबड्यापुढे तिची तार टिकत नाही. म्हणून अर्ध्या इंचाच्या चौकोनांची जाड तारेची जाळी आणून सातही जागा बंद केल्या. दाराला कडी लावली आणि ती पंजाने उचलली जाऊ नये म्हणून तिच्यात लाकडाची खिट्टी अडकवली.

रानमांजर रात्रीचे येते, पण मुंगूस दिवसाढवळ्या हिंडते आणि घार व शिक्रा वरून झडप घालतात. तेव्हा दिवसा फिरण्यासाठीही राखलेली जागा हवी. खुराड्याच्या पूर्वेस दहा फूट लांब व पाच फूट रुंद असे आवार आखले. खांबांना जाळी ठोकली, वरूनही जाळी घातली आणि निम्म्या भागावर माडाच्या झावळ्यांचे झाप टाकून सावली केली. सर्वांत कष्टाचे काम जमिनीखालचे होते. आवाराच्या कडेने फूटभर खोल चर खणून जाळी त्यात उतरवली आणि तिचे टोक बाहेरच्या बाजूस फूटभर आडवे वाकवून वर माती लोटली. उकरणारा प्राणी कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरतो. चार पावले मागे जाऊन तेथून सुरुवात करावी, हे त्याला सहसा सुचत नाही. चर खणताना मुलीच्या तळहातांना फोड आले. मातीखाली जाणारे आणि कोणाला कधीही न दिसणारे हे काम कशाला, असे तिच्या मनात येऊन गेले. पण तिने ते पूर्ण केले.

मृगाच्या आधी आठ दिवस चार तलंगा घरी आल्या. दोन तांबूस, एक काळी आणि एक ठिपक्यांची. राणीखेत रोगाची लस त्यांना आधीच टोचून घेतली होती. कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत गावाचे नाव मिळालेला हा रोग फार घातक. खेड्यात त्याला मानमोडी म्हणतात, आणि तो शिरला तर एका आठवड्यात खुराडे ओस पडते. पहिले चार दिवस तलंगांना आवारातच ठेवले, म्हणजे आपले घर कोणते हे त्यांच्या मनात ठसेल. पाचव्या दिवशी दुपारी परसात सोडले. सांज झाली. तांबूस दोघी आणि काळी आपण होऊन आत शिरल्या व दांडीवर जाऊन बसल्या. ठिपक्यांची मात्र फणसावर चढून बसली. तिच्या पूर्वजांनी हेच केले असते. आजोबांनी शिडी लावली, मुलीने तिला हलकेच उचलून दांडीवर ठेवले. असे तीन संध्याकाळी करावे लागले. चौथ्या सांजेला ती न बोलावता आत गेली. त्या दिवशी मुलीला जो आनंद झाला, तो परीक्षेत पहिला क्रमांक आल्यावरही झाला नव्हता.

आषाढात पहिले अंडे मिळाले, लहानसे, बदामी रंगाचे, अजून ऊब असलेले. कोंबडीच्या पोटात एक अंडे तयार व्हायला सुमारे पंचवीस तास लागतात आणि त्यांतील वीसेक तास केवळ कवच बनवण्यात जातात. कवचासाठी चुना हवा. म्हणून आजी तिसऱ्यांचे शिंपले भाजून, कुटून कोंबड्यांना घालू लागली. समुद्राच्या तळाशी ज्याने तिसरीचे घर बांधले, तोच चुना पिलाचे घर बांधायला आला.

श्रावण निम्मा झाला, तेव्हा ठिपक्यांची कोंबडी खुडूक झाली. ती पेटीतून उठेना आणि जवळ गेले की पिसे फुलवून कुरकुरे. ह्या घरी कोंबडा नव्हता, म्हणून शेजारच्या काकूंकडून त्यांच्या कोंबड्यांची अकरा अंडी आणून तिच्याखाली ठेवली. आता एकवीस दिवस. मुलगी भिंतीवर रोज एक रेघ ओढू लागली.

सतराव्या रेघेच्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. शाळा सुटली, तेव्हा ओढ्यावरचा साकव पाण्याखाली गेला होता. मुलीला आणि तिच्या सोबतिणींना पलीकडच्या वाडीत थांबावे लागले. अंधार पडू लागला. वाडीतल्या बायांनी त्यांना पेज वाढली, कोरडे कपडे दिले. मुलीच्या घशाखाली घास उतरेना. घरी आई शेतावरून भिजून आली असेल, आजोबांना तापामुळे उठवत नाही, आजीला रात्री नीट दिसत नाही. आणि आईने सांगितले होते, एक दिवसही चुकता कामा नये. पेटीत कोंबडी अंड्यांवर बसली आहे, तिच्या शेजारी ते दार उघडे आहे, असे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. खुराड्याचे चिरे, जाळी, खिट्टी सारे जेथल्या तेथे होते. पण खिट्टी स्वतःहून कडीत जात नाही.

रात्री उशिरा पाणी ओसरले. वाडीतल्या एका काकांनी बॅटरी घेऊन मुलींना पोहोचवले. मुलगी घरात न जाता तशीच परसात धावली. दाराला कडी होती. कडीत खिट्टी होती. फटीतून तिने उजेड टाकला. दांडीवर तिघी, पेटीत एक. मागे पडवीत भाऊ उभा होता. तो झोपेने जड झालेल्या आवाजात म्हणाला, “मी दोनदा मोजल्या, ताई.” आई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. तिने काही विचारले नाही. फक्त पंचा आणून मुलीचे डोके पुसले.

सकाळी पाऊस उघडला. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात ओल्या मातीवर पावलांचे ठसे उमटले होते. जाळीच्या मुळाशी कोणी तरी बराच वेळ उकरले होते. खळगा वीतभर खोल होता आणि त्याच्या तळाशी मातीखालची जाळी उघडी पडली होती. तेथे उकरणे थांबले होते. मुलगी त्या खळग्यापाशी बसून राहिली. कोणाला कधी दिसणार नाही असे तिला वाटलेले काम तिच्यापुढे उघडे होते. तेवढ्यात भाऊ म्हणाला, “आजोबा, त्या रानमांजराला आता खायला काय मिळेल?” आजोबांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिले. “शेतात उंदीर पुष्कळ आहेत. ते त्याचे खरे अन्न, आणि उंदीर कमी झाले तर आपल्या भातालाही बरे. आपण त्याच्याशी वैर धरायचे नाही. फक्त आपले दार लावायचे.” मुलीने हातांनी माती लोटून खळगा बुजवला आणि पाय देऊन घट्ट केला.

एकविसाव्या दिवशी पेटीतून बारीक चिवचिव ऐकू आली. दुसऱ्या सकाळपर्यंत अकरापैकी नऊ अंड्यांतून पिले बाहेर पडली होती. ती ठिपक्यांच्या कोंबडीच्या पंखांखालून डोकी काढून जगाकडे पाहत होती. ज्या आईने घरात कोंबडी नको म्हटले होते, ती ओंजळीत तांदळाची कणी घेऊन सर्वांच्या आधी तेथे बसली होती.

काही दिवसांनी ठिपक्यांची कोंबडी आवाराच्या दाराशी येऊन सारखी घुटमळू लागली. तिला पिलांना परसात न्यायचे होते. किडा कसा शोधावा, घारीची सावली दिसताच कोठे दडावे, हे शिकवायला आवार पुरत नव्हते. मुलगी दाराशी उभी राहिली. जाळीच्या आत नऊच्या नऊ पिले सुखरूप होती, आणि बाहेर आभाळ मोकळे होते. “राहू दे ना त्यांना आतच,” ती म्हणाली. आजी हसली. “पोरी, दार लावायला शिकलीस. आता उघडायलाही शीक.”

मुलीने खिट्टी काढली. कोंबडी ऐटीत बाहेर पडली, मागोमाग नऊ पिले. भाऊ हातात काठी घेऊन फणसाखाली राखणीला बसला आणि मुलगी पायरीवर बसून पिले मोजू लागली.